शिस्तीची पाणीपातळी

पहिल्या तासाला वर्गात इतकी शांतता असते की डोक्यावरच्या पंख्याची कुरकुर ऐकू येते. चौथ्या तासाला त्याच वर्गाचा आवाज थेट ऑफिसपर्यंत पोचतो. मुले तीच असतात, बाकही तेच. एकेका मुलाचेही असेच असते. तासाला पाच मिनिटे जागेवर न टिकणारा मुलगा संध्याकाळी कबड्डीच्या मैदानात तासभर नियम पाळून खेळतो आणि बाद झाला की निमूटपणे रेषेबाहेर जाऊन बसतो. खोडी मुलाच्या अंगातच असती, तर दप्तरासारखी ती त्याच्याबरोबर सगळीकडे गेली असती. ती तशी जात नाही.

वागणूक मूल आणि त्याच्या भोवतालची परिस्थिती यांच्या मधल्या जागेत घडते. म्हणून वर्गाची शिस्त समजून घ्यायची तर मुलाच्या स्वभावाइतकेच तासाची वेळ, कामाची अवघडता, बसण्याची जागा आणि मोठ्यांची प्रतिक्रिया यांकडे पाहावे लागते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळांमध्ये ही यंत्रणा कशी चालते आणि कुठे अडते, हे पायरीपायरीने पाहता येते.

शांतता म्हणजे शिस्त का?

शाळेत ‘शिस्त’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. गप्प बसणे, रांगेत चालणे, विचारल्याशिवाय न बोलणे हा पहिला अर्थ. दुसऱ्या अर्थाने शिस्त म्हणजे आपले काम, दुसऱ्याचा हक्क आणि सर्वांनी मान्य केलेला नियम यांचे भान, तेही कोणी पाहत नसताना. पहिली शिस्त दारातून डोकावल्याबरोबर दिसते. दुसरी कळायला शिक्षक वर्गाबाहेर जावा लागतो. गटागटाने गणित सोडवणारा वर्ग गजबजलेला असूनही शिस्तीत असू शकतो, तर चिडीचूप वर्ग नुसता घाबरलेला असू शकतो.

वरवरच्या सुरळीतपणावर किती भरवसा ठेवावा, याचे एक उदाहरण साताऱ्यातच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. ते आजचे प्रतापसिंह हायस्कूल. हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेत त्यांना इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे. दारातून पाहणाऱ्याला तो वर्ग व्यवस्थितच दिसला असता, कारण प्रत्येक जण ‘आपल्या’ जागी होता. म्हणून शाळेची शिस्त तपासताना वर्ग शांत आहे का, या प्रश्नाला आणखी एक प्रश्न जोडावा लागतो: या शांततेची किंमत कोण मोजत आहे?

छडी लागू का पडते आणि पुरत का नाही?

छडी उगारली की वर्ग गप्प होतो, हे खरे आहे. पिढ्यान्‌पिढ्या ती टिकली त्याचे कारणही हेच. पण त्या क्षणी शिकतो कोण, हे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. गोंगाटाचा त्रास एकदम थांबल्याने शिक्षकाला सुटका मिळते आणि पुढच्या वेळी त्याचा हात छडीकडे लवकर जातो. नकोशी गोष्ट थांबल्यामुळे एखादी कृती पक्की होण्याला मानसशास्त्रात ‘ऋण प्रबलन’ म्हणतात. थोडक्यात, छडीने आधी सवय लागते ती मारणाऱ्याला.

मूल काय शिकते? जत किंवा माणच्या रानात शाळू हुरड्यावर आला की राखण करणारा माळ्यावर उभा राहून गोफण फिरवतो. गोफणीचा आवाज होतो तोवर पाखरे उडतात आणि तो भाकरी खायला खाली उतरला की पुन्हा कणसावर बसतात. कणीस खाऊ नये हे पाखरांना कळलेले नसते. माळ्यावर माणूस आहे की नाही, एवढेच कळलेले असते. छडीच्या वर्गात मुलेही शिक्षकाची चाहूल घ्यायला शिकतात.

आणखी दोन गोष्टी घडतात. घाबरलेल्या मुलाचे लक्ष फळ्यावरून शिक्षकाच्या हाताकडे जाते, म्हणजे ज्या अभ्यासासाठी शिक्षा केली तोच मागे पडतो. शिवाय, काय करू नये हे शिक्षा सांगते, पण त्या जागी काय करायचे हे सांगत नाही. रांगेत ढकलले म्हणून मार खाल्लेल्या मुलाला नळापाशी गर्दी असताना आपली पाळी कशी मिळवायची, हे अजून कोणी शिकवलेलेच नसते.

कायद्याची रेषा

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ नुसार बालकाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. हे कलम मोडणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होते. त्याआधी, १ डिसेंबर २००० रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या शाळांच्या नियमावलीतली शारीरिक शिक्षेची तरतूद रद्द केली होती.

कलमातले ‘मानसिक छळ’ हे शब्द सहज नजरेआड होतात. फटका न मारता उन्हात उभे करणे, कोंबडा करणे, शंभर उठाबशा, जातीवरून किंवा बापाच्या धंद्यावरून टोमणा, वर्गासमोर ‘ढ’ म्हणणे, खिचडीच्या वेळी मागे ठेवणे या सगळ्यांना हा कायदा लागू होतो. मात्र एकमेकांना इजा करणाऱ्या दोन मुलांना धरून वेगळे करणे ही शिक्षा नव्हे, ते संरक्षण आहे.

कलम १६ आणखी एक दार बंद करते. प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. काढून टाकलेले मूल पुढे काय होईल, हे शाळेला त्या वेळी दिसत नसते. भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये विद्यार्थी होते. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला ते गेले आणि परतल्यावर शुद्धीची अंघोळ करायला त्यांनी नकार दिला. बोर्डिंगने त्यांना काढून टाकले. नियम मोडणारा हाच मुलगा पुढे कर्मवीर म्हणून ओळखला गेला आणि त्याने सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली.

नोंदवही उलगडते ते गुपित

शिक्षा बाजूला ठेवली, तर हातात काय उरते? पहिले साधन आहे नोंद. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आल्यापासून प्राथमिक शिक्षक प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवतात. बहुतेक वेळा तिथे ‘खोडकर आहे’, ‘लक्ष देत नाही’ अशी ठरावीक वाक्ये येतात. हा झाला शिक्का. त्यातून पुढे काय करायचे ते कळत नाही. उपयोगी नोंदीत तीन गोष्टी असतात: आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय मिळाले.

समजा, पाचवीतला एक मुलगा वरचेवर भांडतो. त्याच्या चार दिवसांच्या नोंदी अशा:

सोमवार, चौथा तास. फळ्यावर भागाकाराची उदाहरणे. दोन मिनिटांत शेजारच्याची वही ओढली. वर्गाबाहेर उभे केले. बाहेर शांत.

मंगळवार, पहिला तास. मराठी, पाठातल्या प्रसंगाचे नाट्यीकरण. काही तक्रार नाही.

बुधवार, चौथा तास. भागाकार. पेन्सिल फेकली. बाहेर उभे केले. बाहेर शांत.

गुरुवार, चौथा तास. भूमिती, काडीपेटीच्या काड्यांचे आकार. तक्रार नाही, शेजाऱ्याला मदत केली.

एकेक नोंद वाचली तर मुलगा भांडखोर दिसतो. चारही शेजारी ठेवल्या की अडचण कळते. चौथा तास किंवा गणित हा विषय कारण नाही, कारण भागाकार आहे. वर्गाबाहेर उभे करणे त्याच्या दृष्टीने शिक्षाच नव्हती, ती भागाकारातून सुटका होती. शाळा दर वेळी बक्षीस देत होती आणि त्याला शिक्षा म्हणत होती. पुढची पायरी सोपी आहे. तो कुठे अडतो ते पाहायचे: पाढ्यात, की वजाबाकीत हातचा घेताना? दहाऐवजी तीन उदाहरणे द्यायची आणि अडले तर हात वर करून ‘मदत पाहिजे’ म्हणायला शिकवायचे. भांडणाने जी सुटका मिळत होती, ती आता मागून मिळते. मग भांडणाचे काम उरत नाही.

वर्गातली बहुतेक त्रासदायक वागणूक चारपैकी एका कारणासाठी घडते: कोणाचे तरी लक्ष वेधायला, नकोसे काम टाळायला, हवी ती वस्तू किंवा जागा मिळवायला, नाहीतर शरीराची गरज भागवायला. शेवटच्या प्रकारात भूक, झोप, सतत हालचालीची ओढ, गोंगाट सहन न होणे हे सगळे येते. वरून सारख्या दिसणाऱ्या दोन खोड्यांमागे वेगळी कारणे असू शकतात, म्हणून एकच उपाय दोघांना लागू पडत नाही. लक्ष हवे असलेल्या मुलाला रागावले तर त्याला हवे तेच मिळते. काम टाळणाऱ्याला बाहेर काढले तर त्यालाही.

माथा ते पायथा

माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांत पाणलोटाची कामे ‘माथा ते पायथा’ या क्रमाने करतात. आधी डोंगरमाथ्यावर सलग समतल चर, मग उतारावर बांधबंदिस्ती, शेवटी ओढ्यावर बंधारा. माथ्याचे काम सोडून थेट ओढ्यात बंधारा बांधला तर पहिल्याच मोठ्या पावसात तो गाळाने भरतो किंवा फुटतो. वर्तनाला आधार देण्याची रचनाही अशीच तीन टप्प्यांची असते: सर्व मुलांसाठी व्यवस्था, काही मुलांसाठी जास्तीचा आधार आणि मोजक्या मुलांसाठी स्वतंत्र योजना. अमेरिकेत १९९०च्या दशकापासून अनेक शाळा याच त्रिस्तरीय पद्धतीने काम करतात. माथ्याचे काम नीट झाले की पायथ्याशी येणारी मुले आपोआप कमी होतात.

माथा: सर्वांसाठी व्यवस्था

जावळी-पाटणच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर आणि जतच्या विखुरलेल्या वस्त्यांवर दोन शिक्षकी शाळा पुष्कळ आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. म्हणजे एकेका शिक्षकाकडे एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता. पहिलीला मुळाक्षरे गिरवून घेताना तिसरीच्या हाताला काम नसेल, तर पाचव्या मिनिटाला तिसरी बोलू लागते. या गोंगाटाचे कारण मुलांचा स्वभाव नसून रिकामा वेळ आहे. म्हणून अनुभवी शिक्षक फळ्याचे दोन भाग करतात, एका इयत्तेला लेखी काम लावून दुसरीला तोंडी शिकवतात, प्रत्येक गटात एक विषयमित्र नेमतात आणि ‘काम संपले तर काय?’ याची यादी भिंतीवर लावून ठेवतात.

रिकामा वेळ किती महाग पडतो, याचे गणित सोपे आहे. परिपाठाहून वर्गात येणे, वह्या काढणे, मधल्या सुट्टीनंतर पुन्हा बसणे असे दिवसातले सहा बदल धरले आणि प्रत्येकात चार मिनिटे गेली, तर रोज २४ मिनिटे जातात. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षाला २०० दिवस आणि ८०० अध्यापन तास ठरवले आहेत. २४ मिनिटांच्या हिशेबाने वर्षात ८० तास होतात, म्हणजे एकूण वेळेचा दहावा हिस्सा. आणि ढकलाढकली, पायात पाय घालणे, पेन पळवणे यांना सर्वाधिक वाव याच मिनिटांत मिळतो. त्यामुळे टाळीचा एक ठरलेला ताल, पाण्याच्या बाटल्यांची ठरलेली जागा, हात धुण्याच्या नळापाशी जमिनीवर आखलेल्या पट्ट्या अशा बारीक गोष्टी शिस्तीचे खरे काम करतात.

नियम तीन-चारच असावेत आणि काय करायचे ते सांगणारे असावेत. ‘पळू नका’पेक्षा ‘व्हरांड्यात चालत जा’ हे लहान मुलाला लवकर समजते. नियम बालसभेत मुलांनी मिळून ठरवले तर ते मोडणाऱ्याला मुलेच आठवण करून देतात. शिवाय नियम नुसता सांगून भागत नाही, पाढ्यासारखा त्याचा सराव घ्यावा लागतो. शाळा उघडल्यानंतरचा पहिला आठवडा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतरचे दोन दिवस यासाठी राखून ठेवले की ते पुढे सव्याज परत मिळतात.

कौतुकही नेमके हवे. नुसते ‘शाब्बास’ हवेत विरते. ‘तिचं पेन संपलं तेव्हा न सांगता तू आपलं दिलंस’ हे वाक्य मुलाला नक्की काय चांगले झाले ते सांगते आणि ऐकणाऱ्या उरलेल्या वर्गालाही. १९६९ साली अमेरिकेतल्या एका चौथीच्या वर्गावरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. वर्गाचे दोन संघ केले होते. नियम मोडला की संघाच्या नावापुढे खूण, आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी खुणा असलेल्या संघाला जास्तीची सवलत. दोन्ही संघ जिंकू शकत होते. वर्गातला गोंधळ झपाट्याने कमी झाला. कोणत्या मुलाला पकडायचे, हा प्रश्न त्या खेळाने बाजूला ठेवला होता.

जबाबदारी नावाचा आधार

साताऱ्याने या पहिल्या टप्प्याला स्वतःची एक भर घातली आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. वेगवेगळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि वसतिगृहाची कामे स्वतः करत. ‘स्वावलंबी शिक्षण’ हे संस्थेचे ब्रीद आणि ‘कमवा आणि शिका’ ही तिची रीत.

वर्तनाच्या दृष्टीने या रीतीत एक बारीक गोष्ट आहे. ज्या मुलाने सकाळी रोपांना पाणी घातले, तो संध्याकाळी ती रोपे तुडवत नाही. ज्याने शंभर जणांच्या भाकरीचे पीठ मोजले, त्याला ताटात टाकलेली भाकरी दिसते. काम वाटून दिले की नियमामागचे कारण वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आजच्या जिल्हा परिषद शाळेतले शालेय मंत्रिमंडळ, परसबाग, ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली सांभाळणारा विद्यार्थी ही त्याचीच छोटी रूपे आहेत. एकच पथ्य पाळावे लागते. जबाबदारी पाळीपाळीने सर्वांना मिळायला हवी आणि तिचे रूपांतर शिक्षेत होता कामा नये. झाडू ‘दंड’ म्हणून हातात दिला, की वर्ग झाडणे कमीपणाचे ठरते.

उतार: काहींना जास्तीचा हात

सर्वांसाठीची व्यवस्था असूनही काही मुले पुन्हापुन्हा अडखळतात. त्यामागे अनेकदा घराची घडी असते. साताऱ्याच्या जावळी, पाटण, कोरेगाव भागांतून पुष्कळ माणसे माथाडी कामासाठी मुंबई-नवी मुंबईला जातात. सांगलीच्या खानापूर-आटपाडी पट्ट्यातली गलाई व्यावसायिक कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. अशा घरांतली काही मुले गावाकडे आजी-आजोबांपाशी वाढतात. आजीला नातवाची माया असते, पण पाचवीचे गणित तिला सांगता येत नाही, आणि रात्री मोबाइल काढून घ्यायचा तर नातू ऐकत नाही.

ऊसतोडीच्या हंगामात आणखी काही मुले येतात. बीडसारख्या जिल्ह्यांतून आलेल्या मजुरांची मुले फडाशेजारच्या कोप्यांत राहतात आणि वर्षाच्या मध्येच नव्या शाळेत बसतात. कायद्याने त्यांना वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. वर्गात मित्र मिळायला वेळ लागतो. जतच्या सीमेवरच्या काही मुलांच्या घरात कन्नड बोलतात. मराठी वर्गात ‘ऐकत नाही’ असा शेरा मिळालेल्या अशा मुलाला कधी कधी सूचनाच कळलेली नसते.

या मुलांसाठीचा उपाय खर्चाचा नाही. ठरलेल्या एका शिक्षकाने सकाळी हजेरीआधी दोन मिनिटे बोलायचे: झोप झाली का, जेवून आलास का, आज काय जमवायचे? दिवसाची दोन-तीन छोटी उद्दिष्टे एका कार्डावर लिहायची. शाळा सुटताना त्यावर खूण करायची आणि कार्ड आजीकडे पाठवायचे. त्यावर तक्रार लिहायची नाही. घरी फक्त तक्रारी जात राहिल्या की पालक शाळेत यायचे टाळतात आणि मूल कार्ड लपवायला लागते. नव्याने आलेल्या मुलाला एक जोडीदार द्यायचा. कन्नड बोलणाऱ्या मुलाला सूचना बोलून सांगतानाच कृती करून दाखवायची.

पायथा: एकट्यासाठी योजना

उरतात ती थोडी मुले. त्यांच्याबाबत पहिली पायरी वैद्यकीय असते. फळा नीट न दिसणारे मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावते. कमी ऐकू येणारे मूल हाक मारली तरी वळत नाही. दोघांच्याही नावापुढे ‘बेशिस्त’ लागू शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली महाराष्ट्रातच, पालघरला झाली. त्याची पथके शाळेत येऊन मुलांची तपासणी करतात आणि गरज असेल तर पुढे पाठवतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य झाले. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांचाही समावेश आहे. समग्र शिक्षा अभियानातले समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक अशा मुलांसाठी वर्गशिक्षकाबरोबर योजना आखतात: पुढची जागा, कमी लेखन, दर वीस मिनिटांनी उठून करायचे एखादे काम.

काही वेळा जखम डोळ्यांना दिसत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुरात सांगली शहर आणि नदीकाठची गावे पाण्यात गेली. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. घर बुडताना पाहिलेले मूल पुढच्या पावसात वर्गात चिडचिड करू लागले, किंवा आईला सोडायला तयार झाले नाही, तर तो हट्ट मानता येत नाही. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे. संकटातल्या मुलासाठी १०९८ ही बालसाहाय्य सेवा आहे. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर प्रकरण ‘शाळेतच मिटवण्याचा’ पर्याय उरत नाही. पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

पाणी चढताना

सांगलीत पावसाळ्यात सगळ्यांचे लक्ष आयर्विन पुलाकडे असते. तिथे पाणी ४० फुटांवर गेले की इशारा पातळी, ४५ फुटांवर धोका पातळी. २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले होते. घर ५० फुटांवर सोडायचे नसते, ४० फुटांच्या आत सामान माळ्यावर चढवायचे असते, हे नदीकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही.

मुलाचा रागही असाच टप्प्याटप्प्याने चढतो. आधी पाय हलू लागतात, पेन्सिलने बाक कोरला जातो, उत्तरे तुटक येतात. ही इशारा पातळी. या वेळी हळू आवाजातले एक वाक्य, दोन पर्याय किंवा ‘ऑफिसातून खडूचा डबा घेऊन ये’ एवढे निमित्त पुरते. वर्गासमोर जाब विचारला, तर पाणी आणखी चढते. मग आरडाओरडा, फेकाफेक होते. त्या क्षणी उपदेश कानात शिरत नाही. तेव्हा उरलेल्या वर्गाला दूर नेणे, मुलाला जागा देणे आणि स्वतःचा आवाज खाली ठेवणे एवढेच शिक्षकाच्या हाती असते. पाणी ओसरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि ओसरल्यावर चिखल राहतो. म्हणून ‘का केलंस?’ हा प्रश्न लगेच न विचारता मूल पूर्ण शांत झाल्यावर विचारायचा.

आणि ‘का केलंस?’ पेक्षा चार प्रश्न अधिक उपयोगी ठरतात. काय झाले? तेव्हा तुझ्या मनात काय होते? त्याचा त्रास कोणाकोणाला झाला? आता ते नीट कसे करता येईल? फाडलेली वही मधल्या सुट्टीत बसून पुन्हा लिहून देणे, सांडलेली खिचडी पुसून ज्याची सांडली त्याला वाढून आणणे हे परिणाम चुकीशी जोडलेले असतात. शंभर उठाबशांचा फाटलेल्या वहीशी संबंध नसतो. मूल त्या मोजते आणि हिशेब मिटला असे समजते. वही फाटलेलीच राहते.

शाळेच्या फाटकाबाहेर

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात असे ठरवले आहे. समितीच्या बैठका अनेकदा खिचडी, बांधकाम आणि गणवेश यांत संपतात, पण वागणुकीचे नियम आणि तक्रारींची पद्धत ठरवण्याची जागाही हीच आहे. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी राज्यात २०२२ पासून सखी सावित्री समित्या नेमण्यात आल्या. तक्रारपेटीही शाळेत असते. ती मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर टांगली तर कोरडीच राहते. येता-जाता चिठ्ठी टाकता येईल अशा जागी लावली तर बोलू लागते.

गावाने हात दिला तर काय होते, हे सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावने दाखवले. कोरोनाच्या काळात मुलांच्या हाती आलेला मोबाइल शाळा सुरू झाल्यावरही सुटेना. गावाने मिळून ठरवले आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद; मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा बोलायचे. साडेआठला दुसरा भोंगा.

हा उपक्रम चालण्याचे कारण आधी–वर्तन–नंतर याच साखळीत सापडते. एकट्या आईने मोबाइल काढून घेतला असता तर घरात रोज भांडण झाले असते, कारण शेजारच्या घरातून मालिकेचा आवाज येतच राहिला असता. भोंग्याने सगळ्या गावाची ‘आधीची’ परिस्थिती एका वेळी बदलली. नियम मुलाइतकाच बापालाही लागू झाला. वेळेला सुरुवात होती तशीच अखेरही होती, म्हणून वाट पाहणे सोपे गेले. वर्गातल्या चांगल्या नियमाच्या तीनही खुणा इथे आहेत: सर्वांना सारखा, ठरलेल्या वेळेचा आणि सगळ्यांच्या संमतीचा.

चौकट: थोडक्यात

• वागणूक मूल आणि परिस्थिती यांच्या मध्ये घडते. परिस्थिती बदलली की वागणूकही बदलते.

• शिक्षा तत्काळ शांतता देते, पर्यायी वागणूक शिकवत नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना कायद्याने मनाई आहे. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही.

• शिक्का मारण्याऐवजी नोंद ठेवावी: आधी काय झाले, मुलाने काय केले, नंतर काय मिळाले.

• काम माथा ते पायथा: सर्वांसाठी व्यवस्था, काहींना जास्तीचा हात, मोजक्यांसाठी स्वतंत्र योजना.

• राग इशारा पातळीवर असतानाच हस्तक्षेप करावा. धोका पातळीवर उपदेश नको.

• चुकीनंतरचा परिणाम चुकीशी जोडलेला असावा आणि झालेले नुकसान भरून काढणारा असावा.

• मदतीचे क्रमांक: बालसाहाय्य सेवा १०९८, टेलिमानस १४४१६.